धरण उशाला, कोरड घशाला



आपले अनेक वाचक संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या भागांतल्या मंडळ्यांचे सभासद आहेत. पाटाला येणारं प्रवरेचं पाणी भंडारदऱ्याहून सुटतं, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्या पाण्याच्या काठी कोण राहतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. आपलं काम त्यांच्यातच चालतं, म्हणून या अंकात त्या खोऱ्याची ओळख करून देते.

खोरं आणि धरण

अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला सह्याद्रीच्या कुशीत हे खोरं आहे. एका बाजूला कळसूबाई (१६४६ मीटर), दुसऱ्या बाजूला रतनगड. रतनगडाच्या पायथ्याशी प्रवरा उगम पावते. दुष्काळी नगर जिल्ह्याला पाणी मिळावं म्हणून इंग्रज सरकारने १९१० साली इथे धरणाचं काम सुरू केलं. १९२६ मध्ये ते पूर्ण झालं आणि मुंबईचे गव्हर्नर विल्सन यांचं नाव त्याला मिळालं. दगडी बांधकामाच्या या भिंतीची उंची सुमारे ८२ मीटर आहे. तिच्यामागे जवळजवळ ११ टीएमसी पाणी साठतं. ते संगमनेरजवळच्या ओझर बंधाऱ्यावरून डाव्या-उजव्या कालव्यांत जातं. लोणीचा सहकारी साखर कारखाना १९५० साली उभा राहिला, तो याच कालव्यांच्या उसावर.

माणसं

खोऱ्यात मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाज राहतात. 'कोळी' म्हटलं की आपल्याला समुद्रकाठचे मच्छीमार आठवतात. महादेव कोळी मात्र डोंगरातले शेतकरी. भात, नाचणी, वरई पिकवायची, जंगलातला हिरडा गोळा करून विकायचा, असं त्यांचं वर्ष. दिवाळीच्या तोंडावर ते वाघबारस पाळतात. त्यांच्यातलेच देवगावचे राघोजी भांगरे सावकार आणि इंग्रज यांच्याविरुद्ध उठले. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. याच तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणं जपल्याबद्दल २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. 'अडाणी, बिचारे' असे शब्द आपल्या तोंडून सहज निघतात. ते आपण सोडून द्यावेत.

रस्ता

शेंडी हे धरणाजवळचं गाव. तिथून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशी फेरी मारून रस्ता पुन्हा शेंडीला येतो. जलाशयाने खोऱ्याचा तळ व्यापल्यामुळे पलीकडच्या काठावरचं गाव डोळ्यांना दिसतं, पण तिथे पोहोचायला सगळा वळसा घालावा लागतो. नाहीतर होडी.

काजवे चमकू लागले की मेअखेर आणि जूनमध्ये याच रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्यांच्या रांगा लागतात. चार पैसे गावात येतात, हे खरं. पण गावकऱ्यांना रस्ता हवा असतो तो बाळंतीण वेळेत दवाखान्यात पोहोचावी, शिक्षक शाळेत यावा आणि राजूरच्या बाजाराला जाता यावं म्हणून. पावसाळ्यात दरड आली की आधी यांचंच अडतं.

पाणी

गेल्या एप्रिलमध्ये साम्रदच्या बाजूच्या एका वाडीत गेले होते. एक आजी दोन हंडे घेऊन चढ चढत होत्या. खाली जलाशय चमकत होता. मी त्याच्याकडे पाहतेय हे बघून त्या म्हणाल्या, "पानी बघायला लई हाये, बाई. भरायला न्हाई."

घाटघरला नगर जिल्ह्यातला सर्वांत जास्त पाऊस पडतो. मग टंचाई का? इथला काळा कातळ पाणी मुरू देत नाही आणि उतार ते धरून ठेवत नाही. पाऊस थांबला की झरे आटत जातात. मार्चनंतर विहिरींचा तळ दिसतो. जलाशय खाली, वाड्या वर. उन्हाळ्यात आवर्तनं सुटली की पाण्याची कड आणखी दूर सरकते. दुसरं पीक घेता येत नाही, म्हणून भात झोडून झाला की कितीतरी कुटुंबं नारायणगावकडे मजुरीला उतरतात. मुलांची शाळा तिथेच तुटते.

आपलं देणं

दाविदाची एक गोष्ट शमुवेलाच्या पुस्तकात आहे. त्याला बेथलेहेमच्या विहिरीचं पाणी हवं होतं. तीन वीरांनी शत्रूच्या छावणीतून जीवावर उदार होऊन ते आणलं. दाविदाने मात्र ते प्यायलं नाही. ज्या पाण्यासाठी माणसांनी जीव धोक्यात घातला ते त्याने परमेश्वरापुढे ओतलं. खोऱ्यात शिरताना मला ही गोष्ट आठवते. आपण पाणी ओतून टाकावं असं नव्हे, पण ते कोणाच्या भूमीतून येतं याची जाणीव ठेवावी. या लोकांना आपण देतो ते दान नाही, थोडी परतफेड आहे.

गेल्या उन्हाळ्यात तुमच्या देणग्यांतून दोन वाड्यांतले झरे साफ करून त्यांना दगडी कुंडं बांधली. जागा गावातल्या बायकांनीच दाखवल्या आणि श्रमही गावाचे होते. यंदा आणखी एका वाडीचं काम हाती घ्यायचं आहे. कामासाठी बाहेर जाणाऱ्या आईबापांची मुलं शिक्षणासाठी मागे राहू शकतील, अशी सोयही करायची आहे.

प्रार्थनेत या वाड्यांची आठवण ठेवा. आणि उद्या सकाळी पाण्याचा तांब्या उचलाल, तेव्हा त्या आजींचीही.