रक्ताचे पाट

मालवण तालुक्यात धामापूर नावाचे गाव आहे. तेथे दोन डोंगरांच्या मधली जागा मातीच्या बांधाने अडवून एक विस्तीर्ण तलाव केलेला आहे. इ. स. १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने तो बांधविला, असे सांगतात. काठावर भगवतीचे देवालय आहे. २०२० साली जगातील जुन्या सिंचन-बांधकामांच्या वारसा-यादीत या तलावाचे नाव समाविष्ट झाले. प्रवासी येतात, देवीचे दर्शन घेतात, पाण्याकडे पाहून संतुष्ट होतात आणि परत फिरतात. परंतु तलावाचे खरे काम पाहावयाचे असेल, तर बांधाखाली उतरून धामापूर आणि काळसे या गावांच्या शेतांकडे पाटाच्या कडेने चालत गेले पाहिजे. आधी मोठा पाट, मग त्याला फुटलेले लहान पाट आणि शेवटी कुणग्याकुणग्यात शिरणारे वीतभर रुंदीचे ओघळ! वायंगणी भाताच्या दिवसांत तलाव भरलेला असला, तरी ज्या कुणग्यापर्यंत ओघळ पोचला नाही, तेथील रोप पिवळे पडते.

आपल्या शरीराची व्यवस्था अशीच आहे. हृदयातून निघालेली महाधमनी अंगठ्याएवढी जाड असते. तिला फाटे फुटत फुटत अखेर केसाहूनही बारीक अशा केशवाहिन्या होतात. त्या इतक्या अरुंद असतात की, रक्तातील तांबड्या पेशींना त्यांतून एकामागून एक, अंग चोरून जावे लागते. प्राणवायू आणि अन्नरस येथूनच आसपासच्या पेशींना मिळतात. मात्र प्राणवायू पेशींच्या दाटीतून फार दूर झिरपू शकत नाही. म्हणून शरीरातील बहुतेक प्रत्येक जिवंत पेशी केशवाहिनीपासून पोस्टकार्डाच्या जाडीहून अधिक अंतरावर नसते. सांध्यांतील कूर्चा आणि डोळ्यावरील पारदर्शक पटल यांसारखे मोजकेच भाग रक्तवाहिन्यांवाचून जगतात.

आता प्रयोगशाळेत पेशी वाढवून शरीराचे नवे भाग तयार करण्याची विद्या घ्या. हिला ‘ऊती अभियांत्रिकी’ असे नाव आहे. त्वचेचे पातळ थर आणि कूर्चा या विद्येने पूर्वीच तयार झाले. परंतु यकृताचा बोटभर जाडीचा तुकडा करू गेल्यास वरच्या पेशी तगतात आणि आतल्या गुदमरून मरतात. याचे कारण तुम्ही ओळखलेच असेल. त्या तुकड्यात पाट नसतात! त्यामुळे आधी रक्तवाहिन्यांच्या पेशी वाढविणे शास्त्रज्ञांना भाग पडले.

या प्रश्नाशी माझी थोडी जवळून ओळख आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या, तेव्हा शल्यविशारदांनी माझ्याच पायातील शीर काढून हृदयावर जोडली. शेजारच्या खाटेवर आमच्याच बाजूचे एक शेतकरी होते. त्यांच्या पायांतील शिरा फुगून निकामी झाल्या होत्या. “गुरुजीनू, माझ्याकडे जोडूक शीरच नाय,” असे ते हसत म्हणत. पण त्या हसण्यात फारसा जीव नसे. अखेर डॉक्टरांनी त्यांच्या हातातील धमनी वापरून वेळ निभावली. कारखान्यात केलेली बारीक नळी का चालत नाही, असे मी तेव्हा विचारले. “ती रक्ताने लवकर गुठळून बंद होते,” असे उत्तर मिळाले.

नैसर्गिक रक्तवाहिनी का गुठळत नाही? तिच्या आतल्या बाजूस पेशींचा एकपदरी थर असतो. या अंतःस्तर पेशी जांभ्या दगडाच्या फरसबंदीतील चिऱ्यांप्रमाणे एकमेकींस बिलगून बसतात, रक्त गोठू देत नाहीत आणि आवश्यक तेवढेच पदार्थ बाहेर सोडतात. १९७३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी नवजात बालकाच्या नाळेतील शिरेतून त्या काढून काचपात्रात वाढविल्या. पण अशा पेशी काही पिढ्यांनंतर थकतात आणि वाढेनाशा होतात. न थकणारे बियाणे हवे होते. ते मूलपेशींच्या रूपाने सापडले.

मूलपेशी म्हणजे जिचे काम अद्याप ठरलेले नाही अशी पेशी. तीपासून हाड, मज्जा, रक्त, काहीही होऊ शकते. १९९८ साली मानवी भ्रूणातून अशा पेशी मिळाल्या. मुंबईत परळ येथील प्रजनन आरोग्याच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेतही पुढे त्यांचे दोन वंश तयार झाले. ‘किंड-१’ आणि ‘किंड-२’ ही त्यांची नावे. परंतु भ्रूण वापरणे कित्येकांच्या मनाला पटत नाही आणि हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जपानच्या शिन्या यामानाका यांनी निराळी वाट शोधली. २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतील पेशींत चार जनुके घालून त्यांनी त्या पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेले. २०१२ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

मूलपेशीला रक्तवाहिनीच्या वाटेला लावणे हे धीराचे काम आहे. शरीराच्या उष्णतेइतक्या ऊबदार पेटीत, पोषक द्रवात तिला ठेवतात. प्रथम काही दिवस तिला अशी द्रव्ये देतात की, ती भ्रूणाच्या मधल्या थरातील पेशीसारखी होते. मग रक्तवाहिन्या वाढविणारे प्रथिन द्रवात मिसळतात. एक-दोन आठवड्यांत काही पेशी अंतःस्तराच्या होतात. पण सगळ्याच होत नाहीत. त्यांच्या अंगावरील विशिष्ट प्रथिन ओळखून, भातातून खडे निवडावे तशा त्या निवडून घ्याव्या लागतात. मग परीक्षा! मऊ लगद्यावर सोडताच त्या हळूहळू सरकतात, रांगा धरतात आणि एका रात्रीत बारीक नळ्यांचे जाळे विणतात. त्यांच्यावरून द्रव वाहता ठेवला, तर त्या प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन वळतात. त्यांना हे कोणी शिकविलेले नसते.

२००२ साली शुलामित लेव्हेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी मूलपेशींपासून अशा पेशी मिळविल्या. २००५ साली त्यांनी स्नायूंच्या पेशींबरोबर त्या वाढवून तो तुकडा उंदरांच्या शरीरात बसविला, तेव्हा त्यातील वाहिन्या उंदरांच्या वाहिन्यांशी जोडल्या गेल्या. तथापि एकट्या अंतःस्तर पेशी पुरत नाहीत. बाहेरून आधार देणाऱ्या पेशी नसतील, तर मेर नसलेल्या पाटाप्रमाणे वाहिनी झिरपू लागते. बारीक वाहिन्यांचे जाळे मोठ्या धमनीशी जोडून त्यातून पहिल्यापासून रक्त वाहते ठेवणे हे तर त्याहून अवघड. म्हणून माणसास बसविण्याजोगे संपूर्ण यकृत अजून प्रयोगशाळेत तयार झालेले नाही.

नळी मात्र तयार झाली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत अशा एका रक्तवाहिनीस परवानगी मिळाली. ती मूलपेशींपासून केलेली नाही. दात्याच्या महाधमनीतील पेशींकडून नळी विणून घेतात आणि मग त्या पेशी धुऊन टाकतात. ती बसविल्यावर रुग्णाच्या स्वतःच्या पेशी तिच्यात वस्तीस येतात. अपघातात हातापायांच्या धमन्या तुटलेल्यांसाठी ती आहे.

ते शेजारचे गृहस्थ बाजारात भेटले की अजून विचारतात, “गुरुजीनू, शीर पिकली काय?” पिकली आहे, पण हातापायांपुरती, हृदयाच्या कुणग्यापर्यंत पाट अजून पोचलेला नाही, असे मी त्यांस सांगतो.