पाश्चरच्या चंबूने काय सिद्ध झाले?

मांसाचा रस उकळून कुपीत बंद केला तरी त्यात सूक्ष्म जीव आपोआप उपजतात, असे नीडहॅम यांनी १७४८ मध्ये मांडले. स्पालान्झानी यांनी १७६५ मध्ये कुप्या वितळवून बंद केल्या व दीर्घकाळ उकळल्या. जीव दिसले नाहीत. (दोघेही धर्मगुरू, हे विशेष!) हवा कोंडल्याचा आक्षेप मात्र उरला. तो पाश्चर यांच्या नागमोडी मानेच्या चंबूने १८६० च्या सुमारास दूर केला: हवा आत जाई, धूळ मानेतच अडके, रस नासत नसे.

यावरून ‘पहिला जीव रसायनांपासून होणे अशक्य’ असे प्रवचनात सांगणे उचित नव्हे. नासणाऱ्या रसातील जंतू बाहेरून येतात, एवढेच येथे सिद्ध होते. आदिम पृथ्वीची स्थिती निराळी होती. मिलर यांनी १९५३ मध्ये मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व जलबाष्प यांत विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्ले मिळविली. जीव मात्र नव्हे.