शिळ्या बाटलीचा गुण

नवी बाटली आली आणि प्रयोगच थांबला. जुन्या बाटलीतल्या डीएनएवर तंबाखूच्या पेशी भराभर वाढत होत्या. तोच डीएनए ताजा मागवला, तर पेशी ढिम्म!

हे घडलं अमेरिकेत, मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात, १९५५ च्या थोडं आधी. प्रयोगशाळा फोल्के स्कूग यांची. मूळचे स्वीडनचे, १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पंधराशे मीटर धावलेले. दमाचा गडी! या कामालाही दम लागणारच होता. एका पेशीतून अख्खी वनस्पती उभी करण्याचं स्वप्न वनस्पतिशास्त्रज्ञ हाबरलांट यांनी १९०२ सालीच मांडलं होतं. पण त्यांच्या पेशी जगल्या, फुगल्या, विभागल्या मात्र नाहीत.

स्कूगकडे तंबाखूच्या खोडातल्या भेंडाचे तुकडे होते. नुसतं ऑक्सिन, म्हणजे वनस्पतींचं वाढीचं संप्रेरक, दिलं की पेशी मोठ्या होत, एवढंच. नारळाचं पाणी किंवा यीस्टचा अर्क घातला की विभाजन सुरू. यीस्टमधलं ते द्रव्य प्युरिनच्या कुळातलं वाटत होतं, आणि प्युरिन डीएनएतही असतात. म्हणून स्कूग यांचे सहकारी कार्लोस मिलर यांनी डीएनए घालून पाहिला. हेरिंग माशाच्या शुक्राणूंपासून काढलेल्या डीएनएची जुनी बाटली प्रयोगशाळेत होतीच. तिने कमाल केली. ताजीने काहीच नाही.

दुसरा कुणी पुरवठादाराच्या नावाने खडे फोडून मोकळा झाला असता. इथे उलटा विचार झाला: गुण डीएनएचा नसून त्याच्या शिळेपणाचा असेल तर? ताजा डीएनए आम्लधर्मी पाण्यात मिसळून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, तापवला. तो मोडला आणि पेशी विभागू लागल्या! त्या मोडतोडीतून स्फटिक वेगळे काढले. नाव ठेवलं कायनेटिन.

खरी चावी १९५७ मध्ये हाती लागली. ऑक्सिन जास्त, कायनेटिन कमी, तर मुळं. उलट केलं तर कोंब. दोन्ही बेताचं, तर पेशींचा नुसता गोळा. १९६२ मध्ये तोशिओ मुराशिगे आणि स्कूग यांनी पोषक माध्यमाची कृती दिली. ते ‘एमएस’ माध्यम आजही प्रयोगशाळांत रोज शिजतं.

औषधी वनस्पतींना बाटलीत रोपं वाढवण्याच्या या तंत्राची, म्हणजे उतिसंवर्धनाची, गरज फार. सर्पगंधेचं औषध मुळात. मूळ खणलं की झाड गेलं, आणि बी धड रुजत नाही. हळद तर कंदानेच लावायची. १९७८ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी उतिसंवर्धनाने हळदीची रोपं झपाट्याने वाढवण्याची पद्धत मांडली. कोंबाचं टोक घ्यायचं, कायनेटिन किंवा त्याचं भावंड बीएपी देऊन एकाचे अनेक कोंब करायचे, मग ऑक्सिनवर मुळं फुटू द्यायची. पेशींच्या गोळ्यातूनही रोपं निघतात, पण ती मूळ झाडासारखीच असतील याचा भरवसा कमी, आणि औषधात तोच तर हवा. म्हणून जाणकार कोंबाचीच वाट धरतात. बाटलीतलं रोप मात्र लाडावलेलं असतं. बाहेरची कोरडी हवा त्याला सोसत नाही. हरितगृहात हळूहळू ओलावा कमी करत त्याला कणखर करावं लागतं. मेहनतीने वाढवलेली कितीतरी रोपं इथेच दगावतात.