पाच वर्षांचे अहवाल

विभागीय पदोन्नती समितीची बैठक लागली की आस्थापना विभागात शोधाशोध सुरू होते ती गोपनीय अहवालांची. ज्येष्ठता यादी तयार असते, बिंदुनामावली तपासून आलेली असते, विभागीय परीक्षेचे निकाल नस्तीला लावलेले असतात. अडतं ते पाच वर्षांच्या अहवालांपाशी. एखाद्याचे चारच सापडतात. पाचव्या वर्षी त्याचे साहेब बदलले, आधीचे निवृत्त झाले आणि अहवाल लिहायचा राहून गेला. कर्मचाऱ्याचा काडीचाही दोष नसतो, तरी तक्त्यात त्याच्याच नावापुढे शेरा पडतो : 'अहवाल अप्राप्त'.

माझी नोकरीची बरीच वर्षं महापालिकेच्या आस्थापनेत गेली. गुणवत्ता म्हटलं की बाहेरच्या लोकांना भरती आठवते. तिथे वाद होतात आणि व्हायलाच हवेत. मुंबई महापालिकेनं २०२४ मध्ये कार्यकारी सहायकांच्या १८४६ जागांची जाहिरात काढली, तेव्हा दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण असण्याची अट घातली होती. ओरड झाली, अट मागे घेतली गेली. योग्यच झालं. दहावीला गणितात अडकलेली मुलगी पंचविशीत उत्तम लिपिक होऊ शकते. पण भरती एकदाच होते. पुढे माणूस कसा काम करतो हे दरवर्षी कुणीतरी नीट लिहून ठेवावं लागतं, आणि ते लिहिणं आपण फार हलक्यात घेतो.

मार्चअखेर झाली की कर्मचारी स्वयंमूल्यनिर्धारण भरतो, प्रतिवेदन अधिकारी शेरे लिहून प्रतवारी देतो, पुनर्विलोकन अधिकारी त्यावर आपलं मत नोंदवतो. आता गठ्ठा उघडून पाहा. 'सोपवलेली कामे वेळेत पूर्ण केली.' 'वागणूक चांगली.' लिपिकापासून अधीक्षकापर्यंत तीच वाक्यं, त्याच शाईत, एका बैठकीत उरकलेली. वर्षभर राबलेला आणि वर्षभर टाळाटाळ केलेला, दोघांनाही 'अतिउत्कृष्ट'. मग समितीपुढे निवडायला उरतं काय? ज्येष्ठता. ज्येष्ठतेत वशिला चालत नाही, हा तिचा मोठा गुण मी नाकारत नाही. पण मग त्याला गुणवत्ता म्हणू नये.

पाणीपुरवठ्यातल्या एका कनिष्ठ अभियंत्याचा अहवाल मात्र अजून आठवतो. मुख्य जलवाहिनी फुटली तेव्हा पहाटेपर्यंत खड्ड्याशी थांबून जोड पूर्ण करून घेतला, टँकरचं नियोजन आधीच करून ठेवलं होतं, मोजमाप पुस्तिका मात्र वेळेवर लिहीत नाहीत. एवढंच. माणूस डोळ्यांसमोर उभा राहिला. असा कागद हातात असला की समितीला निर्णय घेता येतो.

पूर्वी हे अहवाल खरोखरच गोपनीय असत आणि प्रतिकूल शेरा तेवढा कळवत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या देव दत्त प्रकरणात ते बदललं. सीमा रस्ते सेवेतल्या या कार्यकारी अभियंत्याच्या एका वर्षाच्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता. पदोन्नतीसाठी 'अतिशय चांगला' लागत होता आणि त्यांना याचा पत्ताच नव्हता. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असं न्यायालयानं सांगितलं. निर्णय न्याय्य आहे, यात मला शंका नाही. पण प्रत हातात पडणार म्हटल्यावर काही अधिकाऱ्यांनी सोपी वाट धरली : सगळ्यांनाच वरची प्रतवारी द्यायची, म्हणजे हरकती नकोत आणि खुलासे नकोत. प्रामाणिक कामगाराचं यात सर्वांत जास्त नुकसान होतं, आणि ते कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

आमच्याकडच्या एक अधीक्षक बाई महिन्याला प्रत्येकाविषयी दोन ओळी वहीत टिपून ठेवत, तारखेसह. त्यांनी एका वरिष्ठ लिपिकाला 'ब+' दिला तेव्हा तो तणतणत आला.

"मॅडम, सगळ्यांना अ आणि मलाच ब?"

"बसा. ही वही वाचा, मग बोलू."

त्यानं वाचली, तरीही हरकत घेतली. तो त्याचा हक्कच होता. पुनर्विलोकन अधिकाऱ्यांनी दोघांना बोलावून वहीतल्या नोंदी नस्त्यांशी ताडून पाहिल्या. उशिराबद्दलचा एक शेरा चुकीचा निघाला, कारण ती नस्ती लेखा विभागात अडकली होती. तो शेरा काढला, प्रतवारी तीच ठेवली आणि दोन्हींची कारणं लिहून त्याला कळवली.