घराची किल्ली

परगावी निघालेल्या माणसाला निरोप देणे ही गोव्याच्या खेड्यांस नवी गोष्ट नव्हे. आमच्या आजोबांच्या पिढीतले लोक मुंबईस जात ते थेट आपल्या गावच्या कुडीत उतरत. धोबीतलावाच्या बाजूस अशा कुडी पुष्कळ होत्या. प्रत्येकाची पेटी भिंतीशी, निजणे जमिनीवर आणि संध्याकाळी सर्वांची मिळून रोझरी. बोटीवरचा खलाशी करार संपताच अंगणात हजर होई. आखातात गेलेलाही रजेवर येई. त्यामुळे निरोप देणाऱ्याच्या मनात परतीचा महिना ठरलेला असे, आणि डोळे पुसता पुसता येताना काय आणावयाचे त्याची यादीही सांगून होई.

आमचा बालमित्र पोर्तुगालला निघाला, तेव्हा अशी यादी कोणी सांगितली नाही. त्याच्या वडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वीचा. त्या आधारावर त्यास तिकडचे नागरिकत्व मिळाले. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणून आपले पारपत्र त्याने परत केले. आता परदेशस्थ भारतीयाचे कार्ड काढून तो हवे तेव्हा येऊ शकेल, वडिलार्जित शेतही त्याचेच राहील. पण मतदानाच्या दिवशी शाळेपुढच्या रांगेत तो आमच्यामागे उभा राहणार नाही.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्याच्या घरी लदीन झाले, उकडलेले चणे वाटले गेले, सारा वाडा येऊन गेला. मग आम्ही चौघे त्यास घेऊन बाहेर पडलो. बेतीहून फेरीबोटीने पणजीस जावयाचे, हा हट्ट त्याचाच. पूल असताना बोट कशाला, असे आमच्यातील एकाने विचारले. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा साऱ्यांना याच बोटींनी तारले होते, हे त्याने ऐकविले, आणि कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत राहिला.

पणजीत गाड्यावर रोस ऑम्लेट खाल्ले. शागोतीचा तिखट रस्सा ऑम्लेटावर ओतलेला, वर कांदा, लिंबाची फोड आणि पाव. (हा पदार्थ मेजावर बसून खाणाऱ्यास त्याची गोडी कळत नाही, असे आमचे ठाम मत आहे.) त्याने दुसरी बशी मागितली; पण ती अर्धीच संपली.

नंतर निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चच्या पायऱ्यांवर बसलो. वरची थोरली घंटा मूळची जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची. १८७१ मध्ये ती येथे आली. मित्र हसून म्हणाला, "म्हणजे हीसुद्धा घर सोडून आलेली!" आम्ही हसलो खरे, पण पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही.

अशा रात्री जुन्या आठवणी निघतील अशी आमची कल्पना होती. निघाली ती कामे. शेजारी राहणाऱ्या मावशीच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या दुकानातून आणावयाच्या, विहिरीच्या पंपाची कळ कोठे अडते, कुत्रा कोणाच्या हातचे खातो. तो एकेक सांगत होता आणि आम्ही शाळकरी पोरांप्रमाणे माना डोलावीत होतो. "परत कधी येशील?" हे मात्र कोणीच विचारले नाही. विचारावयास हवे होते की नाही, याविषयी आम्हा चौघांत अजून मतभेद आहे.

मध्यरात्र उलटल्यावर मोटारीने पुलावरून परतलो. फाटकाशी उतरताच त्याने खिशातून किल्ली काढून आमच्या हाती ठेविली.

"आठवड्यातून एकदा दारे-खिडक्या उघडा. आणि हे बघा, पावसापूर्वी कौले चाळून घ्या. स्वयंपाकघरावरची दोन फुटली आहेत; नवी गोठ्यात रचून ठेवली आहेत."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही शिडी लावून वर चढलो. फुटलेली कौले दोन नव्हती, सात होती. गोठ्यात नवी मोजली, ती बारा निघाली.