चाकाआधीचा हात

अक्षय्य तृतीयेला करा-केळी घेणाऱ्या बायका जिंतूरच्या बाजारात पाहाव्यात. मडकं तळहातावर तोलायचं, बोटाच्या पेराने टिचकी मारायची आणि कान द्यायचा. टण्ण वाजलं तर पक्कं, बद्द वाजलं तर खाली. येलदरीला पूर्णेवर धरण झालं, घरोघरी नळ आले, फ्रिज आले. टिचकी काही गेली नाही.

मडकं चाकावर होतं, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. चाकावरून उतरतो तो नीट काठाचा, पण जाड अंगाचा ठोकळा. पोटाला गोलाई येते ती नंतर, आतून दगडी गुंडा धरून बाहेरून थापटण्याने ठोकठोक ठोकल्यावर. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर चालवलं ते हेच थापटणं. नामदेव कच्चे ठरले आणि औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे आले, अशी कथा. औंढा आपल्या शेजारचाच. मडक्याची परीक्षा सांगणाऱ्या या कथेत चाक मात्र कुठेच नाही!

कुंभारांच्या जुन्या पोटशाखांत थोरचाके, लहानचाके आहेत, तसे हातघडेही आहेत: चाकाविना हातानेच घडवणारे.

वेगाने फिरणारं चाक पश्चिम आशियात पाचेक हजार वर्षांपूर्वी रुळलं. त्याआधी हाताने सावकाश फिरवायची तबकडी होती. आपल्याकडे इनामगावला तीन हजार वर्षांपूर्वीची जोर्वे संस्कृतीची चाकावरची देखणी, खणखणीत भांडी सापडली. पण लेकरं दगावली की त्यांना घरातच पुरायचे, ते हाताने घडवलेल्या ओबडधोबड करड्या रांजणांत.

मेक्सिकोत स्पॅनिश लोक येईपर्यंत कुंभाराचं चाक नव्हतंच. तान्ह्या पोळ्याच्या बैलासारखी चाकं लावलेली मातीची जनावरं मात्र होती. तिथल्या सान बार्तोलो कोयोतेपेक गावातले झापोटेक कुंभार आजही एक बशी पालथी घालतात, तिच्यावर दुसरी उताणी ठेवतात, तिच्यात मातीचा गोळा ठेवून हाताने फिरवतात. ना खुंटा, ना दांडा. भट्टीची हवा कोंडली की भांडं धुराने काळं होतं. १९५०च्या दशकात दोन्या रोसा यांनी कच्चं भांडं गारगोटीने घोटून त्याला आरशासारखी चकाकी आणली आणि गाव जगभर पोचलं. पण चकाकी राखायची तर आच कमी द्यावी लागते, मग पाणी झिरपतं. मेस्कल दारू साठवायचे ते जुने, करडे, बिनचकाकीचे घडे. त्यांना टिचकी मारली की घंटेसारखे वाजतात.