पिनरच्या बागेतली बिहीची वडी



दर वर्षी हनुकाच्या आधी मी घरी केलेल्या वड्यांचे डबे भरते. मुलाकडे एक, मुलीकडे एक, एक इस्राएलला मोठ्या ताईकडे आणि नातवंडांना प्रत्येकी एक छोटा डबा. प्रत्येक झाकणावर एक चिठ्ठी असते : "१ वडी = १५ ग्रॅम. त्यात साखर १० ग्रॅम." मागे एका नातेवाईकांनी चेष्टा केली, "सिस्टर, ही मिठाई आहे की औषध?" मी हसले. पण त्या चिठ्ठीमागे एक हकीगत आहे, ती आज तुम्हांला सांगते. वड्या कशा करायच्या तेही सांगते.

वड्या बिहीच्या. इंग्रजीत या फळाला क्विन्स म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळांनी हे फळ पाहिलं नसेल, पण त्याच्या बिया नक्की पाहिल्या असतील. माझगावला आम्हांला खोकला झाला की आई काष्ठौषधीच्या दुकानातून पुडीभर बिहीदाणा आणायची. रात्री भिजत घातला की सकाळी पाणी बुळबुळीत व्हायचं. त्यात खडीसाखर घालून ती आम्हांला पाजायची. (आई बिया गाळून घ्यायची. बालमित्रांनो, या बिया चावून खायच्या नसतात.) तो दाणा कुठल्या झाडाचा, हे मला कधी ठाऊकच नव्हतं. ते कळलं इंग्लंडला आल्यावर, आणि तेही माझ्याच परसात!

पिनरला रेल्वे आली १८८५ साली, पण आमच्यासारखी घरं बहुतेक १९२० ते १९४० च्या दरम्यानची. घर बेताचं आणि मागे लांबलचक बाग. मी १९७४ मध्ये नर्स म्हणून आले आणि पुढे काही वर्षांनी आम्ही हे घर घेतलं. शेजारच्या इंग्रज बाईंनी आम्हांला बिहीचं रोप दिलं. आमच्या ह्यांनी ते कुंपणाशी लावलं. पाच वर्षं नुसती पानं! नंतर मे महिन्यात फिकट गुलाबी फुलं आणि ऑक्टोबरात पिवळीजर्द फळं धरू लागली. अंगावर मऊ लव, आकार बेढब पेरूसारखा आणि वास असा की एक फळ टेबलावर ठेवलं तर सगळी खोली दरवळते. मात्र कच्चं खाऊ नका. लाकडासारखं कठीण आणि तोंड मिटून जाईल इतकं तुरट असतं.

शेजारीण बाई एकदा बशी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "क्विन्स चीज खाऊन पाहा." आम्ही नुकतेच कोंबडीचं जेवून उठलो होतो. मी म्हटलं, "माफ करा, मांसाहारानंतर आम्ही चीज खात नाही." त्या खो खो हसल्या. त्यात दुधाचा थेंबही नव्हता! फळाचा गर साखरेत आटवून घट्ट केला की इंग्रज लोक त्याला 'चीज' म्हणतात, हे मला तेव्हा समजलं. त्यांच्या लहानपणी युद्धामुळे गोळ्या-चॉकलेटांचं रेशन होतं. ते ५ फेब्रुवारी १९५३ ला उठलं. तोपर्यंत घरातला गोड खाऊ म्हणजे साठवलेल्या साखरेत बागेतलं फळ आटवून केलेला.

मी एक तुकडा तोंडात टाकला आणि थेट माझगावला पोचले. आमच्या शेजारी गोवेकर कुटुंब राहायचं. नाताळात त्यांच्याकडून पेरूच्या लाल वड्यांची बशी यायची. गोव्यात त्याला पेराद म्हणतात. आई आधी विचारायची, "ताटाला लोणी लावलंय का हो?" लावलं असलं तर त्या दिवशी मटणानंतर वडी नाही, दुसऱ्या दिवशी चहाबरोबर. आम्ही मुलं रात्रभर बशीकडे बघत राहायचो.

पोर्तुगीज भाषेत बिहीला मार्मेलो म्हणतात आणि तिच्या आटवलेल्या गराला मार्मेलादा. 'मार्मलेड' हा शब्द त्यावरूनच आला. पोर्तुगीज लोक देशोदेशी गेले. जिथे बिही नव्हती तिथे पेरू होता, म्हणून ब्राझीलमध्ये आणि गोव्यात पेरू आटवला जाऊ लागला. म्हणजे जी वडी मी लहानपणी पेरूची म्हणून खाल्ली, तिचीच आजी मला पिनरला भेटली!

आपल्या घरी गोड म्हणजे नव्याच्या सणाचा चिकाचा हलवा. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, आणि तो नारळाचं दूध व साखर घालून तासन् तास घोटायचा. नारळाचंच दूध, म्हणजे मांसाहारानंतरही चालतो. आई, दोन काक्या आणि आत्या पाळीपाळीने कालथा फिरवायच्या. मी इथे दोनदा करून पाहिला. ड्यूटीवरून आल्यावर एकटीने घोटता घोटता हात भरून आले आणि दुसऱ्या वेळी तो तळाला लागला. टोप दोन दिवस घासत बसले, तो नाद सोडला. बिहीची वडी मात्र एकटीला झेपते. शिवाय इथल्या दुकानातल्या मऊ गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं, ते जनावरांपासून काढतात, म्हणून मुलांना देताना प्रत्येक पाकीट वाचावं लागतं. बिहीत फळाचंच पेक्टिन भरपूर असतं. वेगळं काही घालावं लागत नाही.

आता त्या चिठ्ठीची हकीगत. काही वर्षांपूर्वी माझी नात नऊ वर्षांची असताना उन्हाळ्यात सारखी पाणी मागू लागली. सारखी लघवीला जायची, थकायची, अंगाने उतरली. या चार खुणा ध्यानात ठेवा : तहान, लघवी, थकवा, वजन घटणं. मुलात त्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. निदान झालं : टाईप १ मधुमेह. आपल्या लोकांत टाईप २ पुष्कळ. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई लोकांना त्याचा धोका गोऱ्यांपेक्षा दोन ते चारपट असतो. आमचे हे त्यानेच थकले. पण टाईप १ वेगळा. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच इन्शुलिन करणाऱ्या पेशी मारते. जास्त गोड खाल्ल्याने तो होत नाही. तरी नातेवाइकांपैकी कोणी तरी सूनबाईला ऐकवलंच, "आजीच्या वड्या फार खाल्ल्या वाटतं!"

मी चाळीस वर्षं नर्स होते. मला हे खोडून काढायला हवं होतं. पण मी गप्प बसले, कारण मनातून मीही घाबरले होते. त्या ऑक्टोबरात नात नेहमीसारखी आली, शिडीखाली उभी राहून एकेक फळ टोपलीत ठेवलं. हनुकाला मी सगळ्या मुलांना डबे दिले आणि तिला एक सुंदर पुस्तक दिलं.

तिने पुस्तक उघडलंच नाही. म्हणाली, "आजी, माझा डबा कुठंय?" मी म्हटलं, "बाळा, त्यात साखर फार असते." ती म्हणाली, "पण फळं मी काढली होती ना!"

मला काय बोलावं सुचेना. सूनबाई शांतपणे म्हणाली, "आई, ती सगळं खाते. आम्ही फक्त मोजतो आणि तेवढं इन्शुलिन देतो. त्यात साखर किती ते सांगा." आणि तेच मला सांगता येईना! वॉर्डात प्रत्येक थेंब मोजणारी मी घरात सगळं अंदाजपंचे करत होते.

दुसऱ्या दिवशी मी नातीला बोलावलं आणि दोघींनी फ्रीझरमधल्या गराच्या वड्या केल्या, काटा समोर ठेवून. कृती अशी :

दीड-पावणेदोन किलो बिहीची लव ओल्या फडक्याने पुसा. मोठ्या माणसाने जड सुरीने फोडी कराव्यात. सालीसकट, गाभ्यासकट पाण्यात तासभर मऊ शिजवा, कारण पेक्टिन तिथेच जास्त असतं. पाणी निथळून गर चाळणीतून गाळा. बिया-सालं टाकून द्या. गर १ किलो भरला तर साखर ७०० ग्रॅम घ्या आणि एका लिंबाचा रस. जाड बुडाच्या टोपात मंद आंचेवर लाकडी कालथ्याने सव्वा ते दीड तास घोटा. पांढुरका गर आधी गुलाबी, मग विटकरी लाल होतो. फळाचा तुरटपणा असतो त्याच द्रव्यांचा उष्णतेने हा रंग बनतो. कालथा फिरवल्यावर टोपाचा तळ दिसून क्षणभर तसाच राहिला की झालं. कागद लावलेल्या ताटात ओता. गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात दोन-तीन दिवस सुकवून वड्या पाडा. वर साखर घोळवू नका, तिची गरज नाही.

बालमित्रांनो, या गराचे थेंब उडतात आणि चिकटतात. बाह्या खाली, हात टोपापासून लांब. भाजलंच तर लगेच २० मिनिटं वाहत्या थंड पाण्याखाली धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको.

आमचा हिशेब असा झाला : घातलेली साखर ७०० ग्रॅम आणि फळाची अंगची सुमारे १०० ग्रॅम, मिळून ८००. तयार मिश्रण १२०० ग्रॅम, वड्या ८०. म्हणजे एक वडी १५ ग्रॅम, त्यात साखर १० ग्रॅम. भागाकार नातीनेच केला, चिठ्ठीही तिनेच लिहिली. मग दंडावरच्या सेन्सरचा आकडा पाहिला, इन्शुलिन घेतलं आणि दोन वड्या खाल्ल्या. मी आपली तासभर त्या आकड्याकडे बघत बसले. काही झालं नाही.

१९२२ च्या जानेवारीत टोरोंटोला लेनर्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचलं. त्याच्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवण्यापलीकडे इलाज नव्हता. हे मी शिकाऊ नर्स असताना पाठ केलं होतं. त्याचा अर्थ नातीने समजावला.

एक सांगते : साखर एकदम उतरली, हात थरथरू लागले, तर त्या वेळी वडी शोधू नका. ग्लुकोजच्या गोळ्या किंवा फळाचा रस लवकर लागू पडतो. वडी हा खाऊ आहे, औषध नव्हे.

आता चिठ्ठी सगळ्यांच्याच डब्यावर असते, एकट्या नातीच्या नाही. इस्राएलच्या ताईला टाईप २ आहे. पूर्वी ती "नको गं" म्हणायची आणि मागून डबा रिकामा व्हायचा. आता फोनवर सांगते, "आज एकच खाल्ली, दहा ग्रॅम!" तिच्या डब्यात मी दहाच वड्या ठेवते.

माझे सांधे आता दुखतात. गेल्या ऑक्टोबरात अर्धा वेळ कालथा नातीनेच धरला, उरलेला तिच्या भावाने. मी खुर्चीवर बसून "तळाला लागू देऊ नका रे" एवढंच म्हणत होते. आई हलव्याच्या टोपाशी बसून हेच म्हणायची.

तुमच्या बागेत बिही नसेल तर आंबट सफरचंद घ्या, पेरू मिळाला तर पेरू घ्या. पण काटा बाहेर काढा, चिठ्ठी लिहा आणि घरातल्या कोणालाही डब्यावाचून ठेवू नका.